निळ्यातलं फिकं घर

ब्रह्मपुरी, जोधपूर
भादवा सुद बीज

कोडू,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू पत्र न फोडताच ठेवून दिलं असतंस, म्हणून पत्ता सुगनी काकीसांकडून लिहून घेतला. अक्षर शेजारणीचं, भांडण बहिणीचं.

फोनवर का बोलत नाही, असं विचारू नकोस. एकदा केला होता. तू "हॅलो" म्हणालीस आणि मी ठेवून दिला, कारण तोंडातून निघालेलं पहिलंच वाक्य भांडणाचं असणार होतं. कागदावर निदान खोडता येतं.

कामाचं लिहिते. आठवण आली वगैरे काही नाही, गैरसमज नको. विमानतळाच्या नव्या हॉलमध्ये एका अख्ख्या भिंतीवर आपल्या गावाचा फोटो लागणार आहे आणि तो काढायचं काम मला मिळालंय. मला, धापू बिस्साला, नवचौकियातल्या स्टुडिओवाल्या बाईला! दिल्लीचे, मुंबईचे मोठमोठे लोक रांगेत होते. सिंघवीसाहेब म्हणून त्या कामाचे प्रमुख आहेत, ते म्हणाले, "बाईसा, सगळ्यांनी किल्ला काढला. तुम्ही एकट्यांनी घरं काढलीत." किल्ला काय, कुणीही काढतो. तो कुठे पळून चाललाय?

फोटो पचेटियाच्या टेकडीवरून काढायचा, रामासामाच्या सकाळी. दिवाळीच्या दुसऱ्याच दिवशी का, ते तुला सांगायला नको. दिवाळीआधी गल्लोगल्ली चुना भिजतो, त्यात नीळ पडते, बायका-पुरुष कुंचे घेऊन शिड्यांवर चढतात आणि अख्खी ब्रह्मपुरी एकदम ताजी होते. रामासामाला लोक नवे कपडे घालून दारोदार "राम राम सा" करत हिंडत असतात. वरून बघितलं की त्या निळ्यावर लाल आणि केशरी ठिपके हलत असतात. भांडलेले लोकसुद्धा त्या दिवशी एकमेकांच्या दारी जातात, ते वरून ओळखू येतं. दारात जरा जास्त वेळ घुटमळतात.

निळं गाव म्हणतात, पण एका घराचा निळा दुसऱ्याला नाही. कल्लांच्या घराचा निळा म्हणजे पांढऱ्या सदऱ्याच्या कॉलरला नीळ जास्त झाल्यावर दिसतो तसा. पुरोहित हात आखडून नीळ घालतात, त्यांचं घर आजारातून उठल्यासारखं दिसतं. सकाळी सगळे निळे थंड असतात, दुपारी ऊन सगळ्यांना सारखं करून टाकतं, आणि दिवस कलला की भिंती आतून उजळतात. मी इथे जन्मले, इथेच केस पांढरे झाले, तरी टेकडीच्या वळणावर मान वळवली की अजून माझे पाय थांबतात. इतकं सुंदर गाव माणसांनी नुसत्या चुन्यानं आणि निळीनं केलं, याचा मला अभिमान वाटतो.

अडचण एकच आहे. सगळ्या निळ्याच्या बरोबर मध्ये एक घर फिकं आहे. पापुद्रे सुटलेत, आतला दगड दिसतोय. कुणाचं, ते तुला माहीत आहे.

घरातलं कुणी गेलं की त्या दिवाळीला घर रंगवायचं नाही, सोग पाळायचा. मग पुढच्या सणाला कुणीतरी येतं, तोंड गोड करतं, सोग मोडतो. हे आपण लहानपणापासून पाहिलं. आपल्या घरी सहा दिवाळ्या सोग चाललाय आणि कुणी गेलेलं नाही. तू पालक्काडला गेलीस, तेवढंच.

त्या दिवशी मी फलोदीला एका लग्नाचे फोटो काढत होते. त्यामुळे जे झालं ते मी काकीसांच्या तोंडून ऐकलं, आणि काकीसा कमी करून सांगत नाहीत. तू नुकतं लग्न करून जयदेवनला घेऊन दारात आलेली. जीसा, बाप असून, उंबऱ्यात आडवे उभे. म्हणाले, "आमच्याकडे सोग आहे." आणि तुझ्या नवऱ्यानं, ज्याला आपली भाषा चार शब्दांपुरती येत होती, हसून हात जोडले आणि म्हणाला, "सोगरा आम्हाला फार आवडतो." बाजरीची भाकरी खायला बोलावलंय असं वाटलं बिचाऱ्याला! सगळ्या गल्लीनं तोंडाला पदर लावले म्हणे. काकीसा अजून सांगताना हसतात आणि मग डोळे पुसत बसतात.

तर काम असं आहे. तू ये, सोग मोड, जीसा रंग लावू देतील, माझा फोटो होईल. मग खुशाल परत जा. मी अडवणार नाही.

धापू

ता. क. जीसा बरे आहेत.


ब्रह्मपुरी
नवरात्र, चौथा दिवस

कोडू,

उत्तर नाही. टपाल फार सावकाश चालतं, असं मी काकीसांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "टपाल बरोबर चालतंय गं. ती तुझ्यासारखीच आहे."

जीसा बरे आहेत असं लिहिलं होतं. तसे बरे आहेत, डोळे सोडून. कसं कळलं ते ऐक. परवा ते चांदपोळला उगमजी नीळवाल्यांच्या दुकानात जाऊन भांडून आले. उगमजी आठवतात ना, ज्यांची नीळ उचलून तू काकीसांचं मांजर रंगवलं होतंस? जीसा भर दुकानात म्हणाले, "उगमजी, नीळ विकता की राख? तुमच्यापायी सगळं गाव फिकं पडलं!"

उगमजी हात जोडून म्हणाले, "गार्डसाहेब, डबा उघडतो, तुम्हीच बघा."

जीसांनी वाकून बघितलं. "ही घ्या. राख."

मी मागेच उभी होते. नीळ इतकी झळझळीत होती की मला डोळे बारीक करावे लागले.

घरी आल्यावर म्हटलं, "जीसा, डोळे दाखवून घेऊ."

"माझे डोळे? रेल्वेनं पास केलेत हे डोळे. लाल-हिरवा दिवा मी मैलावरून सांगायचो."

"रेल्वेनं पास केले तेव्हा मी जन्मलेसुद्धा नव्हते."

"म्हणूनच तुला माहीत नाही."

मग माझ्या लक्षात आलं. त्यांना सगळं गाव आपल्या घरासारखंच दिसतंय. आपलं घर वेगळं पडलंय, हे त्यांनी पाहिलेलंच नाही. मी तसाच विषय काढला, "या दिवाळीला रंग लावायचा का?" म्हणाले, "सोग आहे." मी म्हटलं, "कुणाचा?" त्यांनी हातातली वाटी खाली ठेवली आणि गच्चीवर जाऊन कबुतरं हाकलायला लागले. निवृत्त होताना गार्डाची शिट्टी आणि हिरवं निशाण घरी घेऊन आले होते, ते निशाण अजून पाण्याच्या टाकीला खोचलेलं असतं. माझा राग आला की कबुतरांना गाडी सुटण्याचा इशारा मिळतो.

सिंघवीसाहेब स्टुडिओत येऊन गेले. नमुन्याचा फोटो बघून "वा! वा!" झालं आणि मग बोट नेमकं आपल्या घरावर आलं.

"बाईसा, हे एवढं संगणकावर निळं करून टाका ना. दोन मिनिटांचं काम."

"साहेब, त्या घरात सोग आहे."

"अहो, विमानातून उतरणाऱ्याला काय कळतंय?"

"गावाला कळतं."

ते हसले, पण देवउठणी ग्यारसपर्यंतच, दिवाळीनंतर जेमतेम अकरा दिवस, मुदत दिली. तोवर एकसारखा निळा फोटो दिला नाही तर काम दिल्लीच्या माणसाकडे जाईल. आणि तो किल्ला काढेल, बघ!

करता मला येतं. नवरीच्या गालावरचे फोड मी रोज पुसते. सासर मला जमलं नाही, पण कॅमेरा जमला, आणि त्यानं मला पोसलं. पण हे घर पुसायला हात होत नाही. मी ते निळं केलं तर सोग मी मोडल्यासारखं होईल, आणि तो मोडायचा हक्क माझा नाही.

काल पहाटे टेकडीवर गेले होते. सूर्य किल्ल्याच्या मागून येतो, म्हणून ब्रह्मपुरी बराच वेळ सावलीत राहते आणि मग ऊन एकेका गच्चीवर उतरतं. कल्ला, हर्ष, पुरोहित, सगळ्यांच्या भिंती ओळीनं पेटत गेल्या. आपल्या घरावर ऊन आलं आणि तिथे काही झालं नाही. माझ्याच्यानं बटण दाबवेना.

धापू


ब्रह्मपुरी
शरद पौर्णिमा

कोडू,

तुझी ओळ मिळाली. "सोग माझ्या नावाचा आहे, मीच येऊन कसा मोडू?" बस्स. वर मायना नाही, खाली सही नाही. स्टुडिओतल्या टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे. कागद चांगला होता म्हणून.

नावाचा म्हणतेस, तर नावाचंच ऐक. मी तिसरी मुलगी. माझं नाव धापू ठेवलं, म्हणजे धापलो, पोट भरलं, देवा आता मुली पुरे. देवानं ऐकलं नाही आणि तू आलीस. माँसा भिंतीकडे तोंड करून निजली. दादीसा म्हणाली, हिला अणची म्हणा, नकोशी. एवढ्यात जीसा फुलेराची गाडी घेऊन परत आले. गणवेश अंगावर, हातात निशाणं. तुला उचललं आणि म्हणाले, "हिचं नाव कोडू. हिचे कोड मी पुरवणार." मी कोपऱ्यात उभी होते आणि तेव्हापासून मला तुझा हेवा वाटतो. मला 'पुरे' म्हणणाऱ्या घरात तुझं नाव लाडाचं आहे. त्या नावाचा सोग पाळताना त्यांना काय होत असेल, याचा विचार पालक्काडच्या पावसात बसून जमतो का बघ.

आता बातमी. जीसांचं ऑपरेशन झालं, मोतीबिंदूचं. उजव्या डोळ्याचं झालं, डावा थंडीनंतर. त्यांना न्यायला मला थाप मारावी लागली. म्हटलं, रेल्वेनं निवृत्त गार्डांची डोळ्यांची परीक्षा ठेवली आहे. इस्त्रीचा सदरा घालून, ताठ बसून परीक्षा दिली. डॉक्टरीण अगदी पोरसवदा. म्हणाली, "बासा, दोन्ही डोळे पिकलेत."

"म्हणजे नापास?"

"नापास."

मान खाली घालून बसले. मला हसू येत होतं आणि रडूही.

पट्टी काल निघाली. दिवसभर काळा चष्मा लावून बसले. ऊन उतरल्यावर चष्मा काढून गच्चीवर गेले, मी मागे. समोर कल्लांची भिंत, त्यापलीकडे हर्षांची, पुढे थेट तटापर्यंत सगळं गाव. कठड्याला धरून उभे राहिले. मला वाटलं घेरी आली, म्हणून पुढे झाले.

"धापू, हे एवढं निळं होतं?"

"होतं, जीसा."

"रोज?"

"रोज."

कबुतरं टाकीवर येऊन बसली, ती त्यांनी हाकलली नाहीत.

आज सकाळी साफा बांधून, काळा चष्मा लावून उगमजींकडे गेले. डबा उघडायला लावला, चष्मा वर करून बघितलं. म्हणाले, "उगमजी, राख माझ्या डोळ्यात होती." उगमजींनी चहा पाजला आणि निळीची पुडी हातात ठेवली. ती पुडी जीसांनी आणून देवळीत ठेवली आहे. कशाला आणली, हे मी विचारलेलं नाही. तूही विचारू नकोस.

चांदण्यात खीर ठेवली आहे. तुझ्या वाट्याची काकीसांचं मांजर खाईल. हे मांजर पांढरंच आहे.

धापू


ब्रह्मपुरी
करवा चौथ

कोडू,

हे पत्र मी जलद टपालानं टाकणार आहे. मागच्या पत्रांवर रागावली असशील तर राग बाजूला ठेव आणि हे नीट वाच.

काल मी नमुन्याचा फोटो मोठा करून आणला. विमानतळाच्या भिंतीएवढा नाही, पण पलंगाच्या चादरीएवढा. खोलीत जमिनीवर पसरला आणि कडांवर वाट्या ठेवल्या. जीसा आले आणि एकदम खाली बसले, गुडघ्यांवर, लहान मूल खेळायला बसतं तसे. त्यांनी आपली ब्रह्मपुरी टेकडीवरून कधी पाहिलेलीच नाही. तरुणपणी गाड्यांमागे धावले, नंतर गुडघे गेले.

काय खूश झाले म्हणून सांगू! बोट फिरवत एकेक घर ओळखायला लागले. "हे कल्ला. हे हर्ष, यांनी मजला चढवला वाटतं. हे पुरोहित. बघ, लेकाचे अजून नीळ वाचवतात!" मला म्हणाले, "धापू, तू हे रोज बघतेस? मला कधी सांगितलं नाहीस." मी म्हटलं, "तुम्ही विचारलं नाहीत." म्हणाले, "फार सुंदर काढलंस गं." माझ्या कामाला त्यांनी आजवर कधी चांगलं म्हटलं नव्हतं. मी वाट्या उगाच सरळ करत बसले.

मग बोट थांबलं.

"हे कुणाचं?"

मी एक वाटी उचलून पुन्हा तिथेच ठेवली.

"सोग दिसतोय. कुणाकडे? आणि एवढा जुना? पापुद्रे निघालेत सगळे. माणसं राहतात की नाही या घरात?"

"राहतात."

"मग कुणी जाऊन सोग मोडला नाही यांचा? कसली गल्ली ही! आपण तरी मोकाणला, दुखवट्याला, गेलो होतो का? बसून यायला हवं होतं. मला आठवतच नाही. कोण गेलं होतं यांच्यात?"

ते आपले बोलतच होते. "रामासामाला पहिलं या घरी जायचं. मी स्वतः जाईन. किती वर्षं अंधारात बसले असतील, बिचारे."

बिचारे म्हणाले गं. आपल्याच घराला.

मग त्यांनी भिंग मागितलं. नीट बघून दाराची खूण ओळखतो म्हणाले. भिंग भिंतीवरून वर गेलं, कठड्यावर आलं, गच्चीवर फिरलं आणि पाण्याच्या टाकीपाशी थांबलं. टाकीला हिरवं निशाण खोचलेलं होतं.

भिंग हललं नाही. मी त्यांच्या पाठीकडे बघत होते. वर न बघता म्हणाले, "गावाला हे असं दिसतं?"

"हो."

"तुलाही?"

"टेकडीवर चढले की रोज."

भिंग खाली ठेवलं, भिंतीला धरून उठले आणि खोलीत गेले. रात्री जेवले नाहीत.

आज मी उठले तर अंगणात पिंप. त्यात चुना भिजत घातलेला, वर वाफ. एकट्यानं कधी ओतला कोण जाणे, धोतरभर शिंतोडे होते. देवळीतली पुडी काढून पिंपाच्या काठावर ठेवलेली. मी कोपऱ्यातला कुंचा घेतला. आपल्या घरात सोग मोडताना पहिला हात मुलीचा, हे मला माहीत आहे. म्हटलं, "जीसा, पहिला हात मी मारते."

"तुझा नाही."

लिहून टाकते, कोडू, मी जळले. सहा वर्षं त्यांच्या भाकऱ्या मी थापल्या, औषधं मी दिली, परीक्षेला मी नेलं, आणि पहिला हात पुन्हा तुझाच. कुंचा तिथेच टाकून आत गेले. ते मागून आले. माझ्या डोक्यावर हात ठेवला, चुन्याचाच. केसांत अजून आहे.

"धापू, तू घरात आहेस. घरातल्यानं सोग मोडायचा नसतो. जिच्या नावाचा धरला..."

"तिला लिहू?"

"मी बोलावलं असं लिहू नकोस."

"मग काय लिहू?"

अंगणात एक फेरी मारून आले. "लिही, नवी बाजरी आली आहे."

आणखी एक फेरी. "आणि त्यांना विचार, सोगरा अजून आवडतो का."

'त्यांना' म्हणाले. इतकी वर्षं या घरात तुझ्या नवऱ्याचं नाव 'तो नारळवाला' होतं.

मी लिहिलं. आता फोटोचं काही सांगत नाही. तो होवो नाही तर दिल्लीवाला किल्ला काढो. तू ये. मला तुझी आठवण येते, पहिल्या पत्रापासून येत होती. चुना मुरला तर चांगलाच होतो, तो थांबेल. जीसा आज सकाळपासून तीनदा पिंप ढवळून आले आणि दर वेळी गल्लीकडे बघतात.

धापू


ब्रह्मपुरी
देवउठणी ग्यारस

कोडू,

तुम्ही गेल्यापासून घरात आवाज घुमतो. काकीसा सकाळ-संध्याकाळ येऊन बसतात. म्हणतात, तुमच्याकडे सोग नाही, करमत नाही.

तू जाताना टोमणा मारून गेलीस, "सहा वर्षांनी मी दारात उभी, आणि बाईसा टेकडीवर!" तेव्हा स्टेशनवर बोलता आलं नाही, आता सांगते. तू येतेस असं कळवलं कुठे होतंस? दिवाळीभर मी दाराशी बसून काढली. रामासामाला पुन्हा रिकामं दार बघायची माझी हिंमत नव्हती, म्हणून कॅमेरा घेऊन वर गेले. आणि बरं झालं गेले. पहिल्या वेळी जे झालं ते मी काकीसांकडून ऐकलं होतं. या वेळी तू गल्लीच्या तोंडाशी गणपतीच्या छोट्या देवळाआड उभी होतीस, तुला काही दिसलं नाही. मी पाहिलं. म्हणून हे पत्र.

काय सकाळ होती! दिवाळीच्या ताज्या निळीवर ऊन पडलं आणि गाव असं उजळलं की मी कॅमेरा विसरून नुसती बघत राहिले. पुरोहितांनीसुद्धा या वर्षी हात सैल सोडला होता. मध्ये तेवढं आपलं घर, दाताचं खिंडार असावं तसं. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली. मी लांबचं भिंग लावलं. पिवळी ओढणी देवळाआड गेली आणि एकटा जयदेवन पुढे चालत आला. हातात पिशवी, पिशवीत नारळ! मी एकटीच टेकडीवर हसले.

जीसा दारात आले. दोघं समोरासमोर. ऐकू काहीच येत नव्हतं. जीसांचं तोंड उघडलं, मिटलं. आणि कोडू, तुझ्या नवऱ्यानं हात जोडले, मान खाली घातली, पिशवी उंबऱ्यापाशी ठेवली आणि तो पाठ फिरवून चालायला लागला.

काय झालं ते मी नंतर दोघांना वेगवेगळं विचारलं. जीसांनी पहाटेपासून वाक्य घोकून ठेवलं होतं: "आमच्याकडे सोगरा आहे, जंवाईसा, पधारा." समोर माणूस आला आणि वाक्य मध्येच तुटलं. "आमच्याकडे सोग" एवढंच बाहेर पडलं. जयदेवन सहा वर्षांत तो शब्द पक्का शिकला होता. या वेळी त्यानं बरोबर ऐकलं, आणि बरोबर ऐकलं म्हणूनच चुकला.

मी टेकडीवरून ओरडले, "जंवाईसा, थांबा!" किल्ल्याच्या घारी तेवढ्या उडाल्या. जीसा आत गेले, दार रिकामं. मला वाटलं, संपलं. भिंगात सगळं निळं एकमेकांत मिसळलं.

तेवढ्यात शिट्टी ऐकू आली. टेकडीवर बाकी काही ऐकू आलं नाही, पण शिट्टी आली. मी भिंग सावरलं. जीसा गच्चीवर होते. गुडघे गेलेला माणूस तो जिना कसा चढला मला माहीत नाही. तोंडात शिट्टी आणि हातात टाकीचं हिरवं निशाण, आणि कठड्यावरून अर्धे वाकून ते निशाण असं हलवत होते जसं काही सगळं स्टेशन त्यांच्याकडे बघतंय. जयदेवन वळला. वर बघत राहिला. रेल्वेची भाषा त्याला आपल्या भाषेपेक्षा लवकर कळली. त्यानं देवळाकडे बघून हात केला, आणि मग तू आलीस. मी तेव्हा बटण दाबलं.

पुढचं तुला माहीत आहे. जंवाईसांनी एवढे सोगरे खाल्ले की काकीसांनी कौतुकानं मीठ-मिरची ओवाळून टाकली. पहिला हात तू मारलास तो दाराशेजारी अजून वेगळा दिसतो. तुला कुंचा कधी धरता आला नाही, ओघळ आलेत खालपर्यंत. मी सारखं करायला गेले तर जीसा म्हणाले, "हात लावू नकोस." दुसरा हात माझा होता, तो मात्र एकसारखा आहे, हे लक्षात असू दे.

तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पुन्हा वर जाऊन फोटो काढला. एकही घर फिकं नाही. सिंघवीसाहेबांना आज तोच दिला. "वा! वा!" म्हणाले. भिंगानं बराच वेळ शोधत होते, ते जुनं घर कुठे गेलं म्हणून. सापडलं नाही. तेवढ्यात मी निघून आले. विमानातून उतरणाऱ्यांना निळं गाव हवं असतं, त्यांना ते मिळेल, आणि ते खरोखरच तसं आहे.

या पाकिटात रामासामाचा आहे. तो विमानतळाचा नाही, तुझा. उजेडात धर. मध्ये आपलं घर फिकंच दिसेल, गल्लीत पिवळा ठिपका तू, आणि गच्चीवर हिरवा ठिपका आहे, तो जीसा. ते निशाण दाखवून त्यांनी जन्मभर गाड्या रवाना केल्या. परत बोलावली ती ही एकच.

तुझी,
धापू